हरवलेले 'पाहा' पत्र

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात काळा चबुतरा आहे. १८५७च्या जून महिन्यात येथील छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने उठाव केला. तो मोडल्यावर शिपायांना देहदंड दिला गेला, त्याची स्मृती या जागेशी जोडलेली आहे. या घटनेविषयी वाचू इच्छिणारा आजचा विद्यार्थी ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत 'क्रांती चौक' असे टंकतो. पुस्तके असूनही हाती फारसे लागत नाही, कारण घटना घडली तेव्हा चौकाचे हे नावच नव्हते. जुन्या ग्रंथांत ती 'बंड', 'औरंगाबाद', 'निजामाचे राज्य' अशा शब्दांखाली असते.

शहराचे नावही एक राहिलेले नाही. मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी पुढे फतेहनगर झाली, मग औरंगाबाद आणि २०२३पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली झाला. त्याआधीचे प्रबंध आणि प्रकाशने जुन्याच नावाने छापलेली आहेत.

त्यात शुद्धलेखनाची भर. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. त्या काळच्या पुस्तकांवर 'कवि' ऱ्हस्वान्त आणि 'नाहीं' सानुस्वार असे. १९६२च्या नियमांनंतर 'कवी', 'नाही' रूढ झाले. माणसाला हा फरक खटकत नाही, पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द ठरतात.

जुन्या पत्रतालिकेत यावर साधा उपाय होता. 'फतेहनगर – पाहा औरंगाबाद' एवढेच लिहिलेले पत्र खणात असे. पत्रांवरची माहिती संगणकावर चढवताना पुस्तकांच्या नोंदी गेल्या, पण ही वाट दाखवणारी पत्रे पुष्कळ ठिकाणी मागेच राहिली. वास्तविक नव्या प्रणालींत त्यांची सोय आहे. प्रमाणित नावाच्या नोंदीला सर्व पर्यायी नावे जोडता येतात. शोधापुरता ऱ्हस्व-दीर्घाचा आणि अनुस्वाराचा भेद बाजूला ठेवता येतो. त्यासाठी यंत्राइतकीच स्थानिक इतिहास जाणणाऱ्या ग्रंथपालाची गरज असते.

मात्र सोयीच्या नावाखाली जुन्या नोंदीतले 'औरंगाबाद' सरसकट बदलणे हा उपाय नव्हे. मुखपृष्ठावर जे छापले आहे, तोच इतिहासाचा पुरावा. तो जसाच्या तसा ठेवावा आणि आजच्या नावापासून तिथपर्यंत वाट करून द्यावी.

वाचकाचा वेळ वाचवा, असे रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राच्या चौथ्या सूत्रात सांगितले. येथे प्रश्न वेळेपुरता उरत नाही. 'काही आढळले नाही' हे वाक्य वाचून विद्यार्थी उठून जातो, तेव्हा आपल्या गावाविषयी कोणी काही लिहिलेच नाही, असा समज तो सोबत नेतो. ग्रंथ मात्र कपाटातच असतो, आपल्या जुन्या नावाने.