पहिल्या वेताचे वासरू लहान का जन्मते? काळजी कशी घ्यावी?

पहिलारू गाईचे वासरू किरकोळ निघाले, की 'याची पैदासच हलकी' असे म्हणून अनेकदा त्याच्याकडे दुर्लक्ष होते. ही समजूत चुकीची आहे. वासराला आई-वडिलांकडून मिळणारे आनुवंशिक गुण वेतानुसार कमी-जास्त होत नाहीत. फरक पडतो तो गर्भाशयातील पोषणात आणि जन्मानंतर मिळणाऱ्या चिकात. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहेत.

वासरू लहान का राहते?

कालवड गाभण राहते तेव्हा तिची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नसते. खाल्लेल्या चाऱ्यातून तिला स्वतःची वाढ, गर्भ आणि तयार होणारी कास या तिन्ही गरजा भागवाव्या लागतात. त्यामुळे पहिले वासरू पुढच्या वेतातील वासरांपेक्षा साधारणतः वजनाने कमी भरते. तरीही कालवडीचा प्रसूतिमार्ग अरुंद असल्याने वासरू अडण्याची शक्यता जास्त असते.

रेतन आणि गाभण काळ

• रेतन केवळ वय पाहून करू नये. होल्स्टिन संकरित कालवड साधारण २५० किलो वजनाची झाल्यावरच भरवावी.
• वजनकाटा नसल्यास छातीचा घेर गुणिले घेर गुणिले शरीराची लांबी (सर्व इंचांत) करून ६६० ने भागावे. अंदाजे वजन किलोत मिळते.
• लहान चणीच्या कालवडीला मोठ्या चणीच्या जातीचे रेतन टाळावे.
• गर्भाची सर्वाधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. या काळात हिरवा व वाळलेला चारा, खुराक आणि खनिज मिश्रण संतुलित द्यावे.
• प्रसूती सोपी व्हावी म्हणून चारा तोडू नये. अशक्त कालवडीला कळा देण्याची ताकद राहत नाही. मात्र तिला लठ्ठही होऊ देऊ नये.
• शेवटच्या महिन्यात कासेला हात लावण्याची सवय करावी, पण धार काढू नये.

चीक: पहिले दोन तास महत्त्वाचे

गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासराला मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. पहिलारू गाईचा चीक अनेकदा कमी असतो. तिचा रोगजंतूंशी संबंधही कमी आलेला असल्याने त्यात ही द्रव्ये सहसा जुन्या गाईच्या चिकापेक्षा कमी असतात.

• वार पडण्याची वाट न पाहता चीक पाजावा.
• वजनाच्या १० टक्के चीक द्यावा. म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. निम्मा पहिल्या दोन तासांत आणि उरलेला १२ तासांच्या आत पाजावा. त्यानंतर शोषण झपाट्याने घटते.
• चीक कमी पडल्यास गोठ्यातील निरोगी, जुन्या गाईचा चीक द्यावा. गोठवलेला चीक कोमट पाण्यात भांडे ठेवून पातळ करावा, उकळू नये.
• गाय वासराला चाटत नसेल किंवा लाथ मारत असेल, तर वासरू स्वच्छ कापडाने कोरडे करावे आणि काढलेला चीक बाटलीने पाजावा.
• नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.

पशुवैद्यकास केव्हा बोलवावे?

पाण्याची पिशवी फुटल्यावर तासाभरात प्रसूती पुढे सरकली नाही, तर ओढाताण न करता पशुवैद्यकास बोलवावे.

पहिल्या वासराची पारख जन्मवजनावरून करू नका. आईची दूध नोंद, वळूची वंशावळ आणि पुढील महिन्यांतील वाढ पाहूनच ते ठेवायचे की विकायचे, हे ठरवा.