यंत्र आधी, शिक्षक मागाहून

नव्या मुंबईत खारघर रेल्वे स्थानकासमोर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे केंद्र आहे. अमृता विश्व विद्यापीठाच्या सहकार्याने या संस्थेने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी 'ओलॅब्ज' ही पडद्यावरची प्रयोगशाळा तयार केली. इंटरनेटवरून ती विनामूल्य वापरता येते आणि तिच्यातले प्रयोग मराठीतही आणले गेले आहेत. ओहमच्या नियमाचा प्रयोग उघडावा, बॅटरी, तार, ॲमीटर, व्होल्टमीटर जोडावेत, रोध कमी-जास्त करावा आणि वाचने टिपावीत. आलेख काढला की सरळ रेषा मिळते. मग कपाटातली नायक्रोमची तार आणि काटा अडकणारा ॲमीटर यांचे काय करायचे? हा प्रश्न शिक्षकाखेरीज कोणी सोडवू शकत नाही. पण तो सोडवायला शिक्षकाला कोणी, कधी आणि काय शिकवले, हे पाहू गेल्यास जरा मागे जावे लागते.

शाळांसाठी आकाशवाणीचे कार्यक्रम मुंबईसह काही केंद्रांवरून १९३७च्या सुमारास सुरू झाले. रेडिओ वर्गात येई, बोले आणि थांबे. गुरुजींकडे काम एकच, बटण फिरवण्याचे. खरा मोठा प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात. 'साइट' या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मात्र मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम 'इस्रो'च्या मुंबईतील स्टुडिओत तयार होत होते.

साइटची आठवण काढताना आपण उपग्रह आणि जाळीदार ॲंटेना यांचीच काढतो. आमच्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच होती. शाळांना सुट्टी असताना याच संचांवरून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान-प्रशिक्षण झाले. शिक्षक कार्यक्रम पाहत, रेडिओवर त्याची पुरवणी ऐकत, स्थानिक मार्गदर्शकाबरोबर चर्चा करत आणि हाताने प्रयोगही करत. म्हणजे पडदा हा चार साधनांपैकी एक होता, आणि शिकवायचे होते ते विज्ञान, दूरचित्रवाणी नव्हे.

पुढे इन्सॅट-१बी उपग्रह आला आणि १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी'ची स्थापना झाली. मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी ही संस्था २०१७ साली बंद पडली. तिने केलेले कार्यक्रम पाहिलेली पिढी आज शिक्षकांच्या खुर्चीत आहे. पण तास अकराला आणि कार्यक्रम साडेदहाला असला, की उपग्रहाचाही इलाज चालत नाही. कार्यक्रम थांबवून 'असे का झाले असेल?' हे विचारण्याची सोय शिक्षकाला नव्हती.

त्याच सुमारास, १९८४-८५ साली, 'क्लास' प्रकल्पातून संगणक शाळांत आला. ब्रिटनमध्ये शाळांसाठी तयार झालेले बीबीसी मायक्रो हे यंत्र सुरुवातीला देशातील सुमारे २५० शाळांना मिळाले. त्याची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवरून पाठवलेले एखादे साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. कार्यक्रमिका इंग्रजीत. निवडक शिक्षकांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. त्यांची बदली झाली की ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. शाळांतला तो 'कॉम्प्युटर रूम' कित्येकांना आठवत असेल: चपला बाहेर, खिडक्या बंद, यंत्रावर आच्छादन आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात.

दरम्यान संगणकांना जोडणारे जाळे मुंबईत आकार घेत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९८५ साली निघालेली एनसीएसटी ही जुहूची संस्था 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याचे एक प्रमुख केंद्र होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५०० रुपयांत २५० तास अशी सवलत होती, पण पडद्यावर फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. खारघरचे केंद्र हा तिचाच वारसा. जाळे नव्या मुंबईच्या दाराशी होते, वर्गात मात्र नव्हते.

मग शासनाने शिक्षकांकडे लक्ष वळवले. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात घरोघर पोचला. शासकीय कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकांनाही संगणक-अर्हता बंधनकारक झाली आणि मुदतीत ती न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढीवर गदा आली. पन्नाशीच्या गुरुजी-बाईंनी आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या केंद्रात बसून माउस धरायला शिकले, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यांची भीती गेली, हा लाभ लहान नाही. पण अभ्यासक्रम होता कचेरीचा. पत्र लिहिणे, तक्ता मांडणे, सरकचित्रे करणे, ई-मेल पाठवणे. कारकुनाला आणि विज्ञानशिक्षकाला एकच धडा. तक्त्याच्या त्याच कार्यक्रमात विभवांतर आणि विद्युतधारेची वाचने भरून मुलांसमोर आलेख उभा करता येतो, हे त्या वर्गात सांगितले गेले नाही. ज्यांना सुचले त्यांना ते स्वतःच सुचले.

याच्या उलट टोकाचा प्रयोग नव्या मुंबईपासून फार दूर नसलेल्या खैराट या कर्जत तालुक्यातील वस्तीवर २००७ साली झाला. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांची 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना केंद्र सरकारने २००६ साली नाकारली होती. तरी तिचा भारतातला पहिला प्रायोगिक वर्ग या एकशिक्षकी शाळेत भरला. पहिली ते चौथीची विशीतली पटसंख्या, एकच खोली, आणि प्रत्येक मुलाच्या हाती उन्हातही वाचता येणारा पडदा, कॅमेरा व ध्वनिमुद्रण असलेले हिरवे-पांढरे यंत्र. योजनेच्या प्रवर्तकांचा भर मुलांनी आपण होऊन शिकण्यावर होता. प्रत्यक्षात चारही इयत्तांचे काम कोणी कोणते, केव्हा करायचे, हे शिक्षकालाच ठरवावे लागे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील मंडळी तेथे पुढेही जात राहिली, ही त्या शाळेच्या भाग्याची गोष्ट. यंत्रे पोचवून निघून जाणारे पाहुणे आपण पुष्कळ पाहिले आहेत.

शिक्षकाच्या हातून वर गेलेले उदाहरणही आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. मुलाने मोबाइल धरला की त्या पानाचा ध्वनी वा चित्रफीत उघडे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षीस मोठे होते, म्हणून आपण त्याचीच चर्चा केली. मुद्दा असा, की कोणत्या पानाला मदत लागते हे त्या वर्गात उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक होते.

आता पुन्हा ओहमच्या नियमाकडे. ओलॅब्जचा प्रयोग आम्ही आधी नव्हे, नंतर दाखवतो. आधी मुलांनी खरी तार जोडावी. वाचने वेडीवाकडी येतील. टोक सैल असेल, तार तापलेली असेल, मीटरचा लघुतम माप मोठा असेल. मग पडद्यावरची सरळ रेषा दाखवून विचारावे, 'आपले बिंदू रेषेवरून का घसरले?' यानंतर तारेच्या जागी विजेरीचा छोटा बल्ब जोडावा आणि विभवांतर पायरीपायरीने वाढवावे. आलेख सरळ राहत नाही, वाकतो, कारण तंतू तापतो तसा त्याचा रोध वाढतो. ही वाकलेली रेषा मुलांना मिळाली, की कुणीतरी हटकून विचारते, 'सर, पडद्यावर बल्ब का नाही?' त्या दिवशी तास संपल्यानंतरही मुले बाकांवरून उठत नाहीत.