भयानक रस आणि आपला प्रेक्षक

भयानक रसाची चर्चा आपल्या साहित्यशास्त्राने पुष्कळ केली आहे. भय हा त्याचा स्थायिभाव. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव तर आपण शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांकडून पाठच करवून घेतो. परंतु हे भाव शास्त्रकारांना अभिप्रेत आहेत ते नटाच्या ठिकाणी. समोर बाकावर बसलेल्या माणसाचा स्वर खरोखरच भंगला, त्याला खरोखरच भोवळ आली, तर त्याची नोंद कोणी करावयाची? आपल्या नाटकांच्या आणि चित्रपटांच्या इतिहासांतून कर्ते आहेत, कृती आहेत, पहिल्या प्रयोगांच्या तारखा आहेत. भ्यालेला प्रेक्षक मात्र त्यांत क्वचितच आढळतो. या उणिवेकडे माझे लक्ष वेधले ते वाचनाने नव्हे. उतारवयात माझी स्वतःची जी फजिती झाली, तिच्यामुळे ते वेधले गेले.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रथम प्रदर्शित झाला व सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. त्या वेळी निपाणीहून बेळगावास काही कामानिमित्त गेलो असता तेथील एका चित्रपटगृहात मी तो पाहिला. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीचे नाव स्मरणात असल्यामुळे काहीशा साहित्यिक कुतूहलाने मी आत गेलो. चित्रपटाच्या कथानकाचा त्या कादंबरीशी काहीही संबंध नाही, हे थोड्याच वेळात ध्यानी आले. कोकणातील न थांबणारा पाऊस, १९१८ सालचे एक दरिद्री ब्राह्मण कुटुंब, आणि घरातल्या अंधाऱ्या खोलीत साखळदंडांनी जखडून ठेवलेली एक शापग्रस्त म्हातारी. हस्तर नावाच्या लोभी देवतेचा उच्चार करून झोपण्यास बजावले की ती म्हातारी निपचित पडते. एके रात्री लहान विनायकावर तिला एकट्याने जेवू घालण्याची पाळी येते. म्हातारी त्याला पकडते, फरफटत नेते, आणि जे शब्द उच्चारावयाचे ते त्या मुलाच्या तोंडून काही केल्या बाहेर पडत नाहीत.

विनायकाचे शब्द अडले त्याच क्षणी माझे सुटले. "यव्वा!" असा एक शब्द माझ्या तोंडून मोठ्याने बाहेर पडला. शेजारच्या खुर्चीवरील तरुण हसून हलकेच म्हणाला, "अंजिद्रेन्री सर?" म्हणजे, भ्यालात का हो? मी काही उत्तर दिले नाही. भ्यालो होतो हे उघडच होते. पण मी वरमलो तो भीतीमुळे नव्हे. जन्मभर मराठी शिकविलेल्या, वडिलांचे बोट धरून सीमालढ्याच्या मिरवणुकांतून चाललेल्या आणि पुढे त्या प्रश्नावर अनेक सभांतून बोललेल्या माणसाने संकटसमयी आईला हाक मारली ती कानडीत, याचे मला वैषम्य वाटले.

परतीच्या वाटेवर कारण उमगले. माझी आजी माहेरची हुक्केरीकडची. लग्न होऊन निपाणीस आल्यावर ती घरात मराठी बोलू लागली. परंतु रात्री नातवंडांना निजविताना तिची भाषा बदलत असे. आमच्या शेजारच्या घरांत मुले बागुलबुवाला भीत, आमच्या घरी गुम्मा येत असे. "सुम्म मलको," गुपचूप नीज, असे ती म्हणे, आणि न निजणाऱ्याकडे गुम्मा कोणत्या वाटेने येईल हे खिडकीकडे बोट दाखवून सांगे. हा गुम्मा कानडी घराघरांत फार जुना आहे. पुरंदरदासांच्या एका प्रसिद्ध पदात खुद्द बाळकृष्ण यशोदेला गुम्माला न बोलावण्याविषयी विनवितो. झोपेची आज्ञा आणि भयाचे नाव यांची जी जोडी पडद्यावर होती, तीच माझ्या अंथरुणापाशी साठ वर्षांपूर्वी होती. मला भेडसाविले ते पडद्यावरील म्हातारीने नव्हे. तिच्या आडून माझीच आजी आली होती.

एवढ्यावर ही हकीगत खासगी आठवण म्हणून संपली असती. पण मन मागे मागे जाऊ लागले, आणि आपल्या रंगभूमीवरील भीतीचा उगमही याच दिशेला आहे हे जाणवले. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तशा प्रकारचे खेळ मराठीत करण्याची आज्ञा दिली आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. या पौराणिक खेळांत देवांइतकीच, किंबहुना अधिक, ओढ असे ती राक्षसांची. रंगविलेले तोंड, पिंजारलेले केस, हातात नंगी तलवार, मशालींवर फेकलेल्या राळेचा भडका आणि त्यातून आरोळ्या ठोकीत होणारा तो प्रवेश! पुढील पिढीतील सुशिक्षितांनी या नाटकांना 'अललडुर्र' असे नाव ठेवून त्यांची थट्टा केली. त्या थट्टेत एक गोष्ट निसटली. 'अललडुर्र' हा राक्षसाचा शब्द मराठी नव्हे, कानडीही नव्हे. त्याला अर्थच नाही. आणि म्हणूनच सांगलीच्या राजवाड्यापासून खेड्यातील पारापर्यंत जो कोणी तो ऐके, त्याला तो भाषांतरावाचून कळत असे.

यापुढचा टप्पा कीचकाचा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत परवश हिंदुस्थान आणि भीमात जहाल पक्ष प्रेक्षकांनी अचूक ओळखला. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथात या नाटकाची दखल घेतली आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. या प्रकरणात भीती होती, पण ती प्रेक्षकांची नव्हती, राज्यकर्त्यांची होती. प्रेक्षकांना कीचकाचा मृत्यू हवाच होता, आणि तो रंगमंचावर कसा दिसतो यापेक्षा त्याचा अर्थ काय याकडे त्यांचे लक्ष होते.

दहा वर्षांनी हाच कीचक पडद्यावर मेला आणि सारेच बदलले. निपाणीपासून अवघ्या चाळीसएक किलोमीटरांवर असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली. या दोन गावांच्या मधोमध वसलेल्या कागलचे नाव धारण करणाऱ्या गायिका तानीबाई कागलकर यांनी कंपनीस भांडवल पुरविले, आणि चित्रीकरणाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडविण्यात आला. आनंदराव पेंटरांनी आरंभिलेले हे काम त्यांच्या अकाली निधनानंतर बाबूरावांनी पुरे केले होते. या कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. पडद्यावरील भीमाने कीचकाचा वध केला तो इतका हुबेहूब, की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या आणि काही स्त्रियांना भोवळ आली, असे परंपरेने सांगण्यात येते. ते दृश्य पुढे चित्रपटातून काढून टाकावे लागले. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक देऊन 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

अशा आख्यायिकांवर किती विश्वास ठेवावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटातील आगगाडी पाहून १८९६ मध्ये पॅरिसचे प्रेक्षक उठून पळाले, ही जगप्रसिद्ध गोष्ट आजचे इतिहासकार संशयास्पद मानतात. नव्या कलेचा प्रभाव सांगण्यासाठी ती मागाहून रचली गेली असावी असे त्यांना वाटते. 'सैरंध्री'च्या बाबतीतही किंकाळ्या सांगता सांगता वाढल्या असतील. परंतु दृश्य गाळले जाणे ही घटना निराळ्या जातीची आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार मुंबईत परीक्षण मंडळ आले ते १९२० मध्येच. ज्या कीचकाच्या अर्थाला सरकार भ्याले होते, त्याच कीचकाच्या तुटलेल्या मस्तकाची धास्ती आता घेतली गेली. कथा तीच, शेवटही सर्वांना लहानपणापासून ठाऊक. नवीन होते ते केवळ पाहणे. कीर्तनात आणि नाटकात जो वध श्रोत्याने आपल्या कल्पनेच्या बेताने, सोसवेल इतकाच पाहिला होता, तो यंत्राने त्याच्या परवानगीवाचून पूर्ण दाखविला. शास्त्रकारांनी नटासाठी सांगितलेला 'प्रलय' हा भाव त्या दिवशी प्रेक्षागृहात उतरला, तो यामुळे.

आज 'सैरंध्री' पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या बहुसंख्य मूकपटांप्रमाणे तोही काळाच्या पोटात गेला. त्या दृश्याची कीर्ती जिवंत आहे ती ज्यांना ते पाहवले नाही त्यांच्यामुळे. कृती नष्ट झाली आणि साक्षीदारांचे भय तेवढे शिल्लक राहिले. मात्र त्या भोवळ आलेल्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव इतिहासाने ठेवलेले नाही. त्यांनी कोणाला हाक मारली, कोणत्या शब्दाने मारली, हे विचारण्याचेही कोणास सुचले नाही.

पुढील काळात भय दाखविण्याची रीत पालटली. बोलपट आल्यावर ते डोळ्यांकडून कानांकडे गेले. 'महल' (१९४९) पासून मराठीतील 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) पर्यंत चित्रपटाने प्रेक्षकाला आधी घाबरवावे आणि अखेरीस भुताचा उलगडा करून सुखरूप घरी धाडावे, असा एक सभ्य संकेत रूढ झाला. साहित्यात मात्र नारायण धारप (१९२५–२००८) यांनी हा संकेत मोडला होता. त्यांच्या कथांतील अमानुष शक्ती शेवटच्या पानावर मनोविकार ठरून विरघळत नाही. आपल्या समीक्षेने या कथांना रेल्वे स्थानकावरील वाचनाच्या कप्प्यात टाकले, आणि तीत माझ्यासारख्या शिक्षकांचाही वाटा आहे. 'तुंबाड'च्या ज्या भागाने मला भेडसाविले, त्याच्या मुळाशी धारपांची 'आजी' ही कथा आहे, आणि त्या कथेच्या मुळाशी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची एक कथा. अमेरिकेतील आजी मराठीत आली, तेथून हिंदी पडद्यावर गेली, आणि बेळगावच्या अंधारात बसलेल्या एका मराठी मास्तरच्या तोंडून कानडीत ओरडली.

या प्रवासाचा अर्थ भलताच घेतला जाण्याची भीती आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून मराठी शाळा, मराठी कागदपत्रे आणि मराठी माणसाची इच्छा यांविषयीचे जे प्रश्न उभे राहिले, ते माझ्या एका आरोळीने सुटत नाहीत, की खोटेही ठरत नाहीत. मुलाला त्याच्या भाषेत शिकता यावे, हे मी पूर्वी म्हणत होतो व आजही म्हणतो. बदलले आहे ते इतकेच, की 'त्याची भाषा' हे शब्द उच्चारताना मी आता थोडा थांबतो. सभेत बोलणारा माणूस आपली भाषा निवडून बोलतो. भ्यालेल्या माणसाला निवडीस अवसर नसतो. ज्या आवाजाने त्याला प्रथम निजविले, तोच त्याच्या तोंडून बाहेर येतो. सीमाभागातील कित्येक घरांत हा आवाज आणि शाळेच्या दाखल्यावरील मातृभाषा या दोन गोष्टी भिन्न असतील. आजवर आम्ही ते कोणी बोललो नाही, कारण त्याचा उपयोग दुसरा पक्ष करील असे भय आम्हांस होते. तेही भयच, पण त्याला कोणी रस म्हणणार नाही.

अकादमीच्या सभासदांनी व शिक्षकबंधूंनी आपापल्या गावातील वृद्धांना एक साधा प्रश्न विचारावा, एवढे सुचवून हे टिपण आटोपते घेतो. नाटकात, तंबूतल्या सिनेमात किंवा चित्रपटगृहात आपण पहिल्यांदा कशाला भ्यालात, आणि त्या वेळी तोंडून काय निघाले? त्या उत्तरांतून आपल्या रंगभूमीचा व चित्रपटाचा जो इतिहास हाती लागेल, तो तारखांच्या इतिहासाला पूरकच ठरेल. माझे उत्तर मी वर दिले आहे. त्या तरुणाला मात्र त्या दिवशी ते देता आले नाही. तो पुन्हा भेटला, तर "हौदू, अंजिदे," होय, भ्यालो, असे त्याच्याच भाषेत सांगावयाचे आहे. ती माझ्या आजीचीही भाषा होती.