विद्यापीठें आणि रदबदली

वरसें गांवाला लागूनच रोहें आहे. ह्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९५६ सालीं अर्थमंत्रिपद सोडून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. कालपर्यंत तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हातीं, तेच आतां विद्यापीठांसाठीं मागणारे! कुलगुरूंनीं मंत्र्यांचे उंबरे झिजवूं नयेत, मागणीची छाननी जाणत्यांनीं करावी, हेंच आम्ही त्या आयोगाचें मर्म समजतों. १९५९ सालीं चिंतामणरावांनीं सत्ताधाऱ्यांवरील आरोपांच्या चौकशीसाठीं स्वतंत्र न्यायमंडळ सुचविलें. पंडित नेहरूंस तें रुचलें नाहीं. लोकपालाचा कायदा व्हावयास २०१३ साल उजाडलें. तो लांचेच्या तक्रारींची चौकशी करवितो. रदबदलीची वाच्यता मात्र करवीत नाहीं. अमेरिकेंत १९९५ च्या कायद्यानें पगारी रदबदली करणारांस सरकारदरबारीं नोंद करावी लागते. आमच्या विद्यापीठांसाठीं कोणी कोणाजवळ शब्द टाकला, हें सरकारदरबारीं नोंदविण्याची सक्ती करणारा तसा कायदा आमच्याकडे नाहीं.