पोळी सोडायची की बदलायची?

मधुमेहाचे निदान झाले की चहा बिनसाखरेचा होतो, सणावारी गोडाचे ताट पुढे सरकवले जाते. तेवढे माणूस निमूटपणे सोसतो. खरी पंचाईत होते ती रोजच्या मुख्य अन्नाची. पोळी, भाकरी, भात या सगळ्यांत पिष्ट असते आणि पिष्टाची पोटात साखरच होते. मग जेवायचे काय? वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाला दोन उत्तरे सापडतात. एक, हे अन्न सोडा. आणि दुसरे, ते बदला. आज मी या दुसऱ्या उत्तराविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे हे उत्तर फार जुने आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला जव हे मुख्य अन्न सांगितले आहे. भाजलेले जव, जवाचे सातू असे त्याचे प्रकारही दिले आहेत. प्रमेह म्हणजे नेमका आजचा मधुमेह नव्हे. पण धान्य तोडण्याऐवजी धान्य बदलण्याचा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

युरोपात गाडी आधी दुसऱ्या टोकाला गेली. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने 1797 साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्याचा उपचार म्हणजे जवळजवळ केवळ मांस आणि चरबी. लघवीतली साखर उतरे, पण रुग्ण थोड्याच दिवसांत त्या जेवणाला विटत आणि चोरून पाव खात. पाव हे त्यांचे रोजचे अन्न; ते कायमचे तोडणे कोणाला जमणार?

ही अडचण ओळखली ती पॅरिसच्या अपोलिनेर बुशार्दा यांनी. ते आधी रुग्णालयातले औषधनिर्माते होते. रुग्णाने जितके पिष्ट खावे तितकी लघवीत साखर उतरते, हे त्यांच्या लक्षात आले. 1841 च्या सुमारास त्यांनी ग्लूटेनचा पाव पुढे आणला. आपल्याकडे कुरडया करताना गव्हाचा चीक काढतात. हा चीक म्हणजेच पिष्ट. आपण चीक ठेवतो आणि चोथा टाकतो. बुशार्दांनी नेमके उलटे केले. पिष्ट धुऊन टाकायचे आणि मागे राहणाऱ्या चिवट ग्लूटेनचा पाव भाजायचा. पुढे इंग्लंडमध्ये जॉन कॅम्पलिन या डॉक्टरने कोंड्याच्या वड्या केल्या. तो स्वतःच मधुमेही होता. फ्रेडरिक पेव्ही यांनी बदामाच्या पिठाचा पाव सुचवला.

बुशार्दांच्या दोन गोष्टी मला पावाहूनही महत्त्वाच्या वाटतात. रुग्णाने आपली लघवी वरचेवर तपासावी, असा त्यांचा आग्रह असे. दुसरी गोष्ट 1870-71 सालची. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि त्यांच्या काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. अन्न कोणते याइतकेच ते किती, यालाही महत्त्व आहे, हा धडा त्या उपासमारीने दिला.

पण जिथे गरज, तिथे बाजार. मधुमेहींसाठी म्हणून खास पिठे, पाव, बिस्किटे विकली जाऊ लागली. अमेरिकेतल्या कनेक्टिकट कृषी संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा पदार्थांची रासायनिक तपासणी केली. ग्लूटेनचे म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पिठांत भरपूर पिष्ट निघाले! इन्शुलिन तेव्हा आलेले नव्हते. ते रुग्णाला प्रथम टोचले गेले जानेवारी 1922 मध्ये. म्हणजे ज्याचा सगळा भरवसा पथ्यावर, त्याच्या ताटात खोटे पथ्य पडत होते. ही केवळ पैशांची फसवणूक नव्हती.

पिठात पिष्ट किती हे प्रयोगशाळा सांगू शकते. पण ते रक्तात किती वेगाने उतरते, हे शरीरालाच विचारावे लागते. 1981 साली टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी नेमके तेच केले. निरोगी माणसांना 62 पदार्थ खायला देऊन रक्तातली साखर मोजली. ग्लुकोज 100 धरले तर पांढरा पाव निघाला 69, आणि पौष्टिक म्हणून वाखाणला जाणारा अख्ख्या गव्हाचा पाव 72! मसूर मात्र 29 वर थांबला. रंगावरून आणि नावावरून अंदाज बांधणाऱ्यांना हा मोठाच धक्का होता. या मापाला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात.

भातालाही हे माप लागू पडते. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 235 वाणांचा अभ्यास जाहीर केला. त्यांचे आकडे 48 पासून 92 पर्यंत पसरले होते. ज्या तांदळात अमायलोज हा पिष्टाचा प्रकार जास्त, तो साधारणपणे हळू पचतो. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उकडा तांदूळ भातासकट उकडून, वाळवून मग सडतात. या प्रक्रियेत पिष्टाची घडण बदलते आणि बहुधा पचनाचा वेग कमी होतो. तरी वाण आणि शिजवण्याची पद्धत यांनुसार फरक पडतोच. उकडा म्हणून ताटभर खावा, असा त्याचा अर्थ नाही.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. बहुतेकांचा मधुमेह टाइप टू प्रकारचा. एवढ्या लोकांना पोळीभात सोडा म्हणणे व्यवहार्य नाही; तेव्हा पोळीभात बदलण्याचे प्रयत्न हवेतच. दुकानात मधुमेहींसाठीच्या आट्याच्या पिशव्या आहेतच. त्यांतल्या काही उपयोगी असतीलही. मात्र पिशवीवरच्या अक्षरांना पुरावा मानू नये, असे इतिहास सांगतो. पिठात डाळ किती, तंतू किती, हे वाचावे. पोळ्या मोजून खाव्यात. जेवल्यावर दोन तासांनी साखर तपासून आपल्या डॉक्टरांना दाखवावी. औषधे मात्र आपल्या मनाने कमी करू नयेत. बुशार्दांच्या रुग्णांना त्यासाठी लघवीची परीक्षा करावी लागे. आपल्याला बोटावरचा रक्ताचा एक थेंब पुरतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)