फुटबॉल मैदानांना जोडणारी पदयात्रा : प्रोस्टेट कर्करोगाविरुद्ध ब्रिटनमधील ‘मार्च फॉर मेन’

‘मार्च फॉर मेन’ ही प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाविषयी जनजागृती आणि निधीसंकलन करण्यासाठी ब्रिटनमध्ये काढण्यात येणारी पदयात्रा आहे. ‘प्रोस्टेट कॅन्सर यूके’ या धर्मादाय संस्थेच्या या उपक्रमाला ‘स्काय स्पोर्ट्स’ वाहिनीवरील ‘सॉकर सॅटर्डे’ कार्यक्रमाचे तत्कालीन सूत्रसंचालक जेफ स्टेलिंग यांच्यामुळे देशभर ओळख मिळाली.

स्टेलिंग हे हार्टलपूल युनायटेड या क्लबचे जुने चाहते. मार्च २०१६ मध्ये त्यांनी हार्टलपूलच्या मैदानापासून लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमपर्यंतचे अंतर दहा दिवसांत, रोज एक मॅरेथॉन याप्रमाणे पायी पार केले. जून २०१७ मध्ये त्यांनी एक्झेटर ते न्यूकॅसल असा १५ दिवसांत १५ मॅरेथॉनचा, सुमारे ६३० किलोमीटरचा टप्पा गाठला. या यात्रेच्या दोन्ही टोकांवरील मैदानांचे नाव ‘सेंट जेम्स पार्क’ असेच आहे. वाटेतील क्लबांच्या मैदानांवर थांबे घेत निघालेल्या या यात्रांमध्ये चाहते, माजी खेळाडू, रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय सहभागी झाले.

मार्ग मैदानांना जोडून आखण्यामागे निश्चित विचार आहे. हा आजार केवळ पुरुषांना होतो आणि त्याविषयी बोलण्यास पुरुष संकोचतात. डॉक्टरांकडे जाण्याचे टाळणारा पुरुष सामन्याला मात्र न चुकता हजर असतो. म्हणून संस्थेने माहिती थेट मैदानापर्यंत नेली. इंग्लंडमधील अनेक संघांचे व्यवस्थापक सामन्याच्या वेळी संस्थेचे बोधचिन्ह कोटावर लावतात. छोट्या मानवाकृतींतून साकारलेली एक पुरुषाकृती, असे त्याचे स्वरूप आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. तिच्या कर्करोगाची सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. त्यामुळे त्रास होईपर्यंत थांबणे धोक्याचे ठरू शकते. ब्रिटनमध्ये दर आठपैकी एका पुरुषाला, तर कृष्णवर्णीयांमध्ये चारपैकी एकाला आयुष्यात हा आजार होतो. २०१५ मध्ये तेथे प्रोस्टेट कर्करोगाने ११ हजार ८१९ पुरुषांचा मृत्यू झाला. ही संख्या स्तनाच्या कर्करोगाने झालेल्या महिलांच्या मृत्यूंपेक्षा (११ हजार ४४२) अधिक होती.

निदानाची पहिली पायरी म्हणजे ‘पीएसए’ ही रक्तचाचणी. मात्र ग्रंथीची वाढ किंवा संसर्ग झाल्यासही पीएसएची पातळी वाढते, तर काही वेळा कर्करोग असूनही ती सामान्य राहते. शिवाय, कधीच घातक न ठरणाऱ्या गाठींवरही उपचार होण्याचा आणि त्यातून मूत्रविसर्जनावरील नियंत्रण व लैंगिक क्षमतेवर परिणाम होण्याचा धोका असतो. या कारणांमुळे ब्रिटनमध्ये सर्व पुरुषांची सरसकट तपासणी केली जात नाही. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला डॉक्टरांशी चर्चा करून ही चाचणी मागता येते. मात्र त्यासाठी पुढाकार त्यालाच घ्यावा लागतो. पदयात्रेचे महत्त्व नेमके येथेच आहे.

तपासणीची अधिक अचूक पद्धत शोधण्यासाठी संस्थेने २०२३ मध्ये ४ कोटी २० लाख पौंडांचा ‘ट्रान्सफॉर्म’ हा अभ्यास जाहीर केला.

भारतात दिल्ली, कोलकाता, पुणे यांसारख्या शहरांत पुरुषांमध्ये आढळणाऱ्या प्रमुख कर्करोगांत प्रोस्टेटचा समावेश होतो. वडील किंवा भावाला हा आजार झालेला असल्यास जोखीम वाढते. अशा पुरुषांनी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे ठरते.