वन पीसमधल्या जमाती समजून घ्या: चॉपर मिंक का नाही आणि बिग मॉम जायंट का नाही?

वन पीस बघताना किंवा वाचताना एक प्रश्न प्रत्येकाला कधीतरी पडतोच: हा समोर आलेला प्राणी नक्की आहे तरी कोण? अस्वल बोलतंय, सांगाडा व्हायोलिन वाजवतोय, एक बाई तीन मजली इमारतीएवढी उंच आहे. यातला कोण जन्मानेच तसा आहे, कोणी डेव्हिल फ्रूट खाल्लंय आणि कोण नुसताच अवाढव्य माणूस आहे?

एइचिरो ओडा यांची ही मांगा जुलै 1997 पासून 'वीकली शोनेन जंप'मध्ये चालू आहे. पुस्तकांचे 100 हून जास्त खंड आणि 50 कोटींहून जास्त प्रती, म्हणजे पात्रांची गर्दी किती असेल याचा अंदाज आलाच असेल. या लेखात आपण ही गर्दी नीट लावून घेऊ. (स्पॉयलर आहेत! एगहेड आर्कपर्यंतचे. तुम्ही अजून अलाबास्तात असाल तर लेख सेव्ह करून ठेवा, नंतर वाचा.)

आधी एक चूक टाळा

बहुतेक जण पात्रांची यादी करताना फोनमधल्या फोल्डरसारखा विचार करतात. एक फोटो एकाच फोल्डरमध्ये, तसं एक पात्र एकाच खान्यात. वन पीसमध्ये हे चालत नाही. इथे प्रत्येक पात्राला निदान चार वेगळे टॅग लागतात: जमात कोणती, डेव्हिल फ्रूट कोणतं (असेल तर), गाव किंवा देश कोणता, आणि टोळी कोणती. हे चार प्रश्न एकमेकांत मिसळले की सगळा घोळ होतो.

उदाहरणासाठी लांब जायला नको, स्ट्रॉ हॅटचंच जहाज घ्या. ब्रूक सांगाडा आहे, पण त्याची जमात माणूसच. योमी योमी फळामुळे तो मेल्यावर परत आला आणि तोवर अंगावर मांस उरलं नव्हतं. फ्रँकी सायबॉर्ग आहे, तोही माणूस. यंत्र त्याने स्वतः बसवून घेतलंय. जिनबे मात्र जन्मानेच मत्स्यमानव, व्हेल शार्क जातीचा. आणि चॉपर? चॉपर रेनडिअर आहे. त्याने हितो हितो म्हणजे 'माणूस' फळ खाल्लं म्हणून तो बोलतो आणि दोन पायांवर चालतो. जमातीच्या रकान्यात 'रेनडिअर', फळाच्या रकान्यात 'झोआन', विषय संपला. पण कथेत हे कुणालाच धड कळत नाही. लोक त्याला तानुकी समजतात आणि नौदल तर टोळीचा पाळीव प्राणी. म्हणूनच त्याच्यावरचं बक्षीस आधी 50 बेरी, मग 100, आणि वानोनंतर जेमतेम 1,000! वर्गीकरण चुकलं की काय होतं याचा ओडांनी केलेला हा सगळ्यात गोड विनोद आहे.

'रेस' म्हणजे काय? जपानीत बघू

इंग्रजी सबटायटलमध्ये कधी 'रेस' येतं, कधी 'ट्राइब'. जपानीत बहुतेक ठिकाणी 'झोकू' हा एकच प्रत्यय असतो: क्योजिन-झोकू म्हणजे महाकाय (आपण जायंट म्हणू), तेनागा-झोकू म्हणजे लांब हातांचे, मिंक-झोकू म्हणजे मिंक. मराठीत याला 'जमात' हा शब्द बरा बसतो. 'जात' म्हटलं की आपल्याकडे डोक्यात दुसरंच काही येतं. एक गंमत सांगून ठेवतो: 'काइझोकू' म्हणजे समुद्री चाचे, यातला 'झोकू' उच्चाराने सारखा असला तरी चिन्ह वेगळं आहे, त्याचा अर्थ लुटारू.

दुसरी गंमत जास्त कामाची. मत्स्यमानवाला जपानीत 'ग्योजिन' म्हणतात. मासा आणि माणूस ही दोन चिन्हं, त्या क्रमाने. तीच दोन चिन्हं उलटी लिहिली की 'निंग्यो', म्हणजे कमरेखाली मासा असलेले लोक. स्त्री असेल तर आपण जलपरी म्हणतो, पण राजा नेपच्यूनसारखे पुरुषही यात येतात.

मत्स्यमानव आणि निंग्यो

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण ओडांनी सगळ्यात जास्त खोलात जाऊन लिहिलेल्या जमाती याच. मत्स्यमानवाला पाय असतात आणि जमिनीवरही तो माणसाच्या दहापट ताकदवान असतो. निंग्योला शेपटी असते आणि पाण्यात त्यांच्याइतका वेग कुणाचाच नाही. तिशीच्या आसपास जलपरीची शेपटी दुभंगते आणि जमिनीवर चालता येईल असे दोन पाय होतात. वॉटर सेव्हनमधली कोकोरो आजी आठवा.

आता गुंता. या दोन जमातींत मुलं आई-बापासारखीच होतील असं नाही. कित्येक पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या पूर्वजाचा मासा अचानक वर येतो. नेपच्यून सीलाकॅन्थ, राणी ओतोहिमे गोल्डफिश, आणि थोरला मुलगा फुकाबोशी चक्क शार्क. अर्लाँग करवतमाशाच्या जातीचा मत्स्यमानव आहे आणि त्याची सावत्र बहीण शार्ली माको शार्क जातीची निंग्यो. एकाच घरात दोन जमाती! म्हणून 'नातेवाईक आहेत म्हणजे जमात एकच' हा नियम इथे लावू नका.

आणि आता ते, जे फिशमॅन आयलंड आर्क नुसतं मारामारीसाठी पळवत बघणाऱ्यांच्या हातून निसटतं. त्या फ्लॅशबॅकमध्ये स्पष्ट सांगितलंय की 200 वर्षांपूर्वीपर्यंत माणसांनी या दोन्ही जमातींची नोंद 'मासे' अशी केली होती. माणसं नव्हे, मासे. त्यांना पकडणं, मारणं, विकणं याचा कुणाला जाब द्यावा लागत नव्हता. नंतर जागतिक सरकारने मैत्री जाहीर केली, कागदावरचा रकाना बदलला. पण साबाओदी बेटावर काय चालतं ते आपण पाहतोच.

साबाओदीची दरपत्रिका

साबाओदी आर्कमध्ये गुलामांच्या बाजाराचे दर जमातीनुसार दिलेले आहेत. माणूस 5 लाख बेरीपासून. बुटके, मिंक, लांब हातांचे, लांब पायांचे आणि सापमानेचे 7 लाख. मत्स्यमानव 10 लाख. जायंट पुरुष 5 कोटी, स्त्री 1 कोटी. जलपरी 7 कोटी, पण तिची शेपटी दुभंगलेली असेल तर 1 कोटी. म्हणजे बाई तीच, तिशी उलटली की किंमत सातव्या हिश्शावर. डेव्हिल फ्रूट खाल्लेल्यांचा भाव लिलावात ठरतो. कॅमीसाठी सेंट चार्लोस थेट 50 कोटींची बोली लावतो, तो प्रसंग याच बाजारातला.

ही यादी 2008 मध्ये छापून आली. मिंक जमातीचं गाव आपल्याला दिसलं 2015 नंतर झोऊ आर्कमध्ये, आणि तोंतात्ता बुटके 2013 मध्ये ड्रेसरोझात. म्हणजे वाचकाला या जमातींची नावं आधी कळली ती माल म्हणून आणि माणसं म्हणून ओळख झाली अनेक वर्षांनी. ओडांनी हे मुद्दाम केलं असावं असं मला वाटतं. दर वाचताना आपण सहज पुढे सरकतो, आणि मग कॅरट, पेड्रो, लिओ भेटल्यावर ते आकडे आठवले की कसंतरी होतं.

मिंक, आणि मिंक नसलेले प्राणी

मिंक म्हणजे अंगावर केस असलेले, प्राण्यांसारखे दिसणारे लोक. जन्मतःच तसे, आणि लहानपणापासून 'इलेक्ट्रो' म्हणजे विजेचा झटका देऊ शकणारे. पौर्णिमेच्या रात्री त्यांचं सुलाँग रूप होतं. लॉच्या टोळीतलं ध्रुवीय अस्वल बेपो हा मिंकच. तो साबाओदीपासून दिसत होता, पण झोऊपर्यंत आपण त्याला नुसतं बोलणारं अस्वल समजत होतो.

मग ओळखायचं कसं? रूप बदलून पूर्ण माणूस होता येत असेल तर तो झोआन, उदाहरणार्थ बिबट्या होणारा लुची. जन्मापासून तसाच असेल आणि माणूस होत नसेल तर मिंक, उदाहरणार्थ जॅग्वार पेड्रो. आधी साधा प्राणी होता आणि फळामुळे माणसासारखा झाला, तर तो चॉपर. बास, हे तीन प्रश्न पुरतात.

आणि मिंक आपल्याला काय म्हणतात माहितीये? 'लेसर मिंक', म्हणजे केस कमी असलेले मिंक! त्यांच्या यादीत माणूस हीच एक पोटजमात आहे. यादी कोण करतंय यावर सगळं असतं.

बाकीच्या, थोडक्यात

जायंट एल्बाफचे, आयुष्य साधारण 300 वर्षं. डोरी आणि ब्रोगी एका भांडणासाठी 100 वर्षं लढत होते. लांब हातांच्या जमातीला प्रत्येक हाताला दोन कोपरे असतात, अपू हा त्यातला. तीन डोळ्यांच्या जमातीतली पुडिंग, पण ती अर्धीच, कारण आई बिग मॉम. आकाशातले स्कायपियन, शांदियन आणि बिर्कन (एनेल बिर्काचा) या तिघांनाही पंख आहेत, त्यामुळे त्यांना एकाच मोठ्या गटात टाकून देश वेगळा लिहिणं बरं.

आता बिग मॉम. उंची 880 सेंटीमीटर, पण आई-बाप साधी माणसं. त्यामुळे जमात माणूस. उंची हा जमातीचा पुरावा नाही, नाहीतर वन पीसमधली निम्मी पात्रं जायंट ठरतील. तिची 85 मुलं मात्र वर्गीकरण करणाऱ्याची परीक्षा आहेत: 43 नवरे, कितीतरी जमातींचे. अशा मिश्र पात्रांना दोन टॅग द्या. ड्रेसरोझातला डेलिंजर अर्धा मत्स्यमानव. बिग पॅनसारखे मत्स्यमानव-जायंट मिश्रण असले तर त्यांना 'वोतान' असं नावच आहे.

जमात नसलेल्या गोष्टीही लक्षात ठेवा. नावातला 'डी' ही जमात नाही. अ‍ॅमेझॉन लिलीच्या कुजा या माणसंच. सेलेस्टियल ड्रॅगन स्वतःला कितीही वेगळे समजोत, डोक्यावर काचेचा बुडबुडा घालून फिरोत, माणसंच आहेत. त्यांचं जपानी नाव 'तेनर्यूबितो', त्यातलं शेवटचं चिन्ह ग्योजिनमधलंच 'माणूस'.

लपलेल्या जमाती

ल्युनेरियन: काळे पंख, पाठीवर आग, आणि जिवंत उरलेला एकच माहीत असलेला, किंग. या जमातीचं कुणी दिसल्याची नुसती खबर दिली तरी सरकार 10 कोटी बेरी देतं. बक्कॅनीर: बार्थोलोम्यू कुमाची जमात. जुन्या काळी जगाविरुद्ध मोठा गुन्हा केला असं सांगून सरकारने तिच्यातल्या प्रत्येकाला जन्मतःच गुन्हेगार ठरवलंय. कुमाने काहीच केलं नव्हतं, तो जन्मला होता एवढंच. सेराफिम या खात्यात घालू नका. ते वेगापंकने ल्युनेरियन गुण मिसळून प्रयोगशाळेत बनवलेत, त्यांना 'कृत्रिम' असा वेगळा टॅग द्या.

रक्तगटाचा पाचवा रकाना

हा रकाना बहुतेक जण विसरतात. वन पीसमध्ये रक्तगट चार: एक्स, एफ, एक्सएफ आणि एस. ते जमातीवर ठरत नाहीत. माणूस आणि मत्स्यमानव यांचं रक्त जुळतं. तरी फिशमॅन आयलंडवर माणसांना रक्त द्यायचं नाही असा जुना कायदा होता. आणि फिशर टायगर, ज्याने मेरी जिओइजवर चढून जमात न बघता सगळ्या गुलामांना सोडवलं, तो मरताना जहाजावर माणसांचं रक्त असूनही ते घ्यायला तयार झाला नाही. पुढे लुफीला रक्त लागलं तेव्हा जिनबेने स्वतःचं दिलं. दोघेही एफ.

फोनवर स्वतःची यादी कशी कराल?

गुगल शीट्स उघडा. रकाने: नाव, जमात, फळ, गाव, टोळी, रक्तगट. मिश्र पात्र असेल तर जमातीत स्वल्पविराम देऊन दोन्ही लिहा, म्हणजे फिल्टर लावल्यावर पुडिंग 'माणूस' मध्येही सापडेल आणि 'तीन डोळे' मध्येही. स्पेलिंग एकच ठेवा. 'मिंक' आणि 'मिन्क' असं दोन प्रकारे लिहिलंत तर फिल्टर त्यांना दोन जमाती समजेल. मूळ मांगा तपासायची तर शुएशाच्या मांगा प्लस अ‍ॅपवर पहिली आणि नवी प्रकरणं मोफत मिळतात.

शेवटचा रकाना 'हे कोणत्या प्रकरणात कळलं' असा ठेवा. बेपोसारखी पात्रं आधी दिसतात आणि त्यांची जमात नंतर कळते, त्यामुळे शीट मित्राला पाठवायच्या आधी तो कुठवर पोचलाय ते विचारा आणि त्यापुढच्या ओळी लपवून टाका.